सायकल, चहा आणि हक्काचा रविवार

वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

गेल्या अंकात यंत्रमाग कामगारांच्या साप्ताहिक सुटीबद्दल लिहिताना इंग्लंडमधल्या ‘क्लॅरियन सायकलिंग क्लब’चा मी एका वाक्यात उल्लेख केला होता. समाजवादी कामगारांनी काढलेलं हे सायकल आणि सहलीचं मंडळ. त्या एका वाक्यावर पत्रांचा ढीग आला, म्हणून हा महिना त्या पत्रांनाच देते. लिहिणाऱ्यांची नावं छापत नाही, कोण कुठून लिहितंय तेवढं पुरे.

प्रश्न : बाई, मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहे. सायकल मलाही आवडते. पण सायकलच्या मंडळात समाजवाद कुठून आला? फिरायचं तर फिरावं, सभा घ्यायची तर सभा घ्यावी. हे काय प्रकरण आहे, नीट उलगडून सांगा. (माग कामगार, नीलम नगर)

दादा, आधी माणसं सांगते, मग समाजवाद आपोआप कळेल.

मँचेस्टरमध्ये रॉबर्ट ब्लॅचफर्ड नावाचा एक पत्रकार होता. तरुणपणी सैन्यात शिपाई, नंतर वर्तमानपत्रात. लिहायचा झकास, पगारही दणदणीत. शहरातल्या गलिच्छ चाळी बघून तो समाजवादाकडे वळला, मालकाला ते रुचलं नाही, आणि यानं नोकरीवर पाणी सोडलं. डिसेंबर १८९१ मध्ये भावाला आणि मित्रांना घेऊन त्यानं स्वतःचं साप्ताहिक काढलं, ‘क्लॅरियन’. किंमत एक पेनी. त्यात समाजवाद होताच, पण नाटकं, गाणी, खेळ, विनोद, पुस्तकं असं सगळं होतं. ओल्डहॅम या सूतगिरण्यांच्या गावातला ‘जॉन स्मिथ’ नावाचा एक कामगार कल्पून त्याला उद्देशून ब्लॅचफर्डनं एक लेखमाला लिहिली. तिचं पुढं पुस्तक झालं, आणि १८९४ मध्ये तेही एका पेनीत मिळू लागलं तेव्हा लाखांनी खपलं. शेजाऱ्याशी ओट्यावर बसून बोलावं तशी त्याची भाषा. म्हणून ते वाचलं गेलं.

त्याच १८९४ च्या फेब्रुवारीत बर्मिंगहॅममध्ये टॉम ग्रूम नावाचा तरुण आणि त्याचे मोजके मित्र लेबर चर्चच्या, म्हणजे समाजवादी कामगारांच्या प्रार्थनामंडळाच्या, खोलीत जमले आणि त्यांनी समाजवादी सायकल मंडळ काढलं. थोड्याच दिवसांत आपल्या लाडक्या साप्ताहिकाचंच नाव त्यांनी मंडळाला दिलं. त्यानंतरच्या वर्षभरात हॅन्ली, लिव्हरपूल, ब्रॅडफर्ड, बार्न्स्ली, मँचेस्टर इथं मंडळं निघाली. बहुतेक गावं मातीची भांडी, लोकर, कोळसा, सूत यांवर जगणारी. १८९५ च्या ईस्टरला डर्बीशरमधल्या ॲशबोर्नला सगळ्या मंडळांचा पहिला मेळावा भरला आणि राष्ट्रीय संघटना झाली.

आता सायकलीचं. आधीची ती पुढचं चाक माणसाएवढं उंच असलेली सायकल हा हौशी, पैसेवाल्या तरुणांचा खेळ होता. पडलं की तोंडावरच. १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीनं दोन्ही चाकं जवळपास सारखी आणि मागच्या चाकाला चेन अशी ‘रोव्हर’ बाजारात आणली. १८८८ मध्ये डनलॉपनं हवेचा टायर केला. तुमच्या दारात उभी आहे ती सायकल मूळ आराखड्यानं अजून तीच. नवी घ्यायची तर कामगाराची कित्येक आठवड्यांची मजुरी जायची, म्हणून लोक हप्त्यानं नाहीतर जुनी घ्यायचे. पण एकदा आली की तिला चारा नको आणि तिकीटही नको. गिरणीच्या धुरातून तासाभरात माणूस हिरव्या रानात.

रविवारी निघताना या मंडळींच्या कॅरिअरला साप्ताहिकाचे गठ्ठे आणि पत्रकं बांधलेली असायची. वाटेतल्या खेड्यात थांबायचं, अंक विकायचे, चौकात उभं राहून कुणीतरी भाषण करायचं. मग नदीत पोहणं, गाणी, चहा, आणि अंधार पडायच्या आत परत. तुम्ही म्हणता सभा वेगळी आणि सहल वेगळी असावी. त्यांचं म्हणणं असं की ज्याला दिवसाचे दहा तास यंत्रापुढं उभं राहावं लागतं त्याच्यासाठी मोकळी हवा, सोबत आणि हसणं हीसुद्धा मागणीच आहे. समाजवाद आला की मग आनंद करू, असं म्हणत बसले असते तर कुणी त्यांच्यामागं गेलं नसतं. त्यांनी तो आनंद दर रविवारी थोडा थोडा करून दाखवला. मंडळाचं ब्रीद त्यांनी समाजवादी कवी विल्यम मॉरिसकडून घेतलं होतं : सोबत म्हणजेच जीवन.

आणि हा रविवार तरी कुठं फुकट मिळतो? इंग्लंडच्या कापड गिरण्यांत शनिवारी दुपारी दोनला काम थांबवण्याचा कायदा १८५० चा. त्यासाठी आधी वर्षानुवर्षं झगडा झालेला. आपल्याकडं नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईत १८८४ मध्ये गिरणी कामगारांना एकत्र केलं, साप्ताहिक सुटीची मागणी लावून धरली, आणि १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुटी कबूल केली. रविवार हा खंडोबाचा वार, त्या दिवशी आमच्या माणसांना देवदर्शनाला आणि समाजाच्या कामाला सवड हवी, हे लोखंड्यांचं सांगणं होतं. मुंबईत सुटी मिळाली १८९० ला, बर्मिंगहॅमला मंडळ निघालं १८९४ ला. मला या दोन तारखा कायम शेजारी शेजारी दिसतात.

माझे वडील इथल्याच मिलमध्ये विणकर होते. सुटीच्या दिवशी अंगणात सायकल उलटी करून ठेवायचे. चेन काढून रॉकेलच्या डब्यात, छर्रे वेगळ्या वाटीत, आणि आउट निघालंय का बघायला चाक फिरवून चिमट्याला खडू धरायचे. चाक वाकडं असेल तिथं रिमला खडूची रेघ उमटायची, तेवढ्याच तारा चावीनं आवळायच्या. आठवडाभर दुसऱ्याच्या मागाची सेवा करणारा माणूस त्या तासाभरात स्वतःच्या यंत्राचा मालक असायचा. त्यांना कुणी मंडळ भेटलं असतं तर ते नक्की गेले असते.

प्रश्न : बाई, तुम्ही इंग्लंडच्या या कामगारांचं कौतुक लावलंय. त्याच इंग्लंडातल्या लँकेशायरच्या, म्हणजे मँचेस्टरच्या आसपासच्या गिरण्यांच्या, कापडानं आपल्याकडचे हातमाग बसवले. माझे आजोबा १९३० च्या मार्शल लॉमध्ये मार खाल्लेले. सायकलवरून हिंडून गाणी म्हणणाऱ्या त्या गोऱ्यांचं आपल्याला काय? (निवृत्त जॉबर, साखर पेठ)

काका, तुमचा राग मला मान्य आहे, आणि त्याला आणखी थोडा पुरावा देते.

ज्या दोन वर्षांत हे मंडळ आकाराला येत होतं, नेमकी तीच वर्षं बघा. लँकेशायरच्या गिरणीमालकांच्या दबावाखाली १८९६ मध्ये हिंदुस्थान सरकारनं विलायती कापडावरची जकात साडेतीन टक्क्यांवर आणली आणि इथल्या गिरण्यांत विणलेल्या कापडावरही तेवढाच, साडेतीन टक्के कर बसवला. म्हणजे आपलंच कापड आपल्याच बाजारात विकायला दंड. आपली जुनी मिल तेव्हा वीसेक वर्षांची होती, तिलाही तो भरावा लागला. हा कर हटायला १९२५ साल उजाडलं. पहिल्या महायुद्धाआधी लँकेशायरच्या परदेशी जाणाऱ्या कापडातला सगळ्यात मोठा वाटा हिंदुस्थानातच उतरायचा. त्या कापडावर तिथल्या विणकराची चूल पेटायची, हे खरंच आहे.

ब्लॅचफर्डबद्दलही हातचं राखून सांगणार नाही. १८९९ ला दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटलं तेव्हा हा माणूस साम्राज्याच्या बाजूनं उभा राहिला. १९१४ लाही युद्धाच्या बाजूनं. कामगारांच्या बंधुभावाची भाषा शिकवणाऱ्यानं तोफांचं समर्थन केलं, आणि त्याचे कितीतरी वाचक त्याला सोडून गेले. गेले ते बरंच केलं.

पण सोडून गेलेले तेही त्याच मंडळातले, त्याच चळवळीतले होते, हेही लक्षात घ्या. त्या काळच्या इंडिपेंडंट लेबर पार्टीचा, ज्या पक्षाभोवती हे सगळं सायकल-सहलींचं जग फिरत होतं, संस्थापक केअर हार्डी १९०७ ला हिंदुस्थानात आला, बंगालमध्ये हिंडला आणि इथं चाललेल्या दडपशाहीबद्दल उघड बोलला. तिकडच्या वर्तमानपत्रांनी त्याच्यावर आग ओकली. त्याच पक्षाचा फेनर ब्रॉकवे, जन्म कलकत्त्याचा, १९३० च्या जुलैत पार्लमेंटमध्ये उभा राहिला आणि हिंदुस्थानातल्या अटकसत्रावर चर्चा घ्या म्हणून हटून बसला. बसायला सांगितलं तरी बसला नाही, म्हणून त्याला सभागृहातून निलंबित केलं. १९३० चा उन्हाळा म्हणजे काय ते साखर पेठेतल्या माणसाला मी सांगायला नको. मे महिन्यात सोलापूर इंग्रजांच्या हातातून सुटलं होतं, १२ मेला मार्शल लॉ आला तो जूनअखेरपर्यंत. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा यांना फाशी दिलं.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गोलमेज परिषदेला गेलेले गांधीजी लँकेशायरला गेले. आपल्या बहिष्कारानं तिथल्या गिरण्या बंद पडत होत्या, माणसं बेकार होती. डार्वेनला ते गिरणी कामगारांच्या घरांजवळ राहिले, कामगारांचं म्हणणं ऐकलं, आणि आमच्या खेड्यातली उपासमार तुमच्या बेकारीपेक्षा कितीतरी मोठी आहे हे तोंडावर सांगितलं. तरी गिरणीतल्या बायांनी त्यांना गराडा घातला. हात उंचावून जल्लोष करणाऱ्या त्या बायांच्या मधोमध गांधीजी उभे आहेत, तो फोटो तुम्ही पाहिला असेल. मालक आणि विणकर यांच्यात फरक करायला मी त्या फोटोपासून शिकले. तुमच्या आजोबांनी मार खाल्ला तो लँकेशायरच्या विणकराच्या हातून नव्हे.

प्रश्न : बाई, हे सायकलवाले एकमेकांना भेटल्यावर काय म्हणायचे? आमच्या सरांनी सांगितलं की त्यांची खूण होती. (विद्यार्थिनी, इयत्ता नववी, होटगी रोड)

तुझे सर बरोबर आहेत. रस्त्यात समोरून क्लॅरियनचा सायकलस्वार दिसला की एकानं ओरडायचं ‘बूट्स!’ आणि दुसऱ्यानं उत्तर द्यायचं ‘स्पर्स!’ स्पर्स म्हणजे घोडेस्वारांच्या टाचेला असतात त्या आऱ्या. अनोळखी माणसंसुद्धा एवढ्यावर थांबायची, पंक्चर काढायला मदत करायची आणि पुढच्या गावात चहा बरा कुठं मिळतो ते सांगायची. तुम्ही मैत्रिणी शाळेला सायकलनं जात असाल तर तुमची एक खूण ठरवा. सोलापुरी असू दे.

प्रश्न : आम्ही घरी बसून विड्या वळतो. हजार झाल्याशिवाय मांडीवरचं सूप खाली ठेवता येत नाही. कामगारांची सहल, कामगारांचं मंडळ म्हणजे शेवटी बाप्यांचंच. त्या इंग्लंडात बाया होत्या का त्यात? (कुंभारीच्या विडी घरकुलातून एक भगिनी)

ताई, होत्या. सुरुवातीच्या दिवसांपासून होत्या, आणि सायकलीवर होत्या.

मँचेस्टरच्या पँकहर्स्ट बहिणी, क्रिस्टाबेल आणि सिल्व्हिया, पुढं बायकांच्या मताच्या हक्कासाठी तुरुंगात गेल्या. त्या आधी शाळकरी वयात क्लॅरियनच्या मंडळाबरोबर सायकलवर जायच्या. लांब झगा चेनमध्ये अडकतो म्हणून काही बायका गुडघ्याखाली आवळलेली विजार घालायच्या आणि त्यासाठी रस्त्यात शिव्याही खायच्या. साप्ताहिकातलं बायकांचं सदर ज्युलिया डॉसन चालवायच्या. त्यांच्या डोक्यातून १८९६ मध्ये एक घोडागाडी निघाली. त्यातच झोपायचं, त्यातच स्वयंपाक, आणि गावोगाव जाऊन बायांनी समाजवादावर बोलायचं. पुढं अशा आणखी गाड्या निघाल्या. सदर लिहिणारी बाई म्हणून मला ज्युलियाबाईंचा विशेष अभिमान वाटतो.

लँकेशायरच्या विणकर बायांना कापडाच्या तुकड्यावर पुरुषांइतकाच दर मिळायचा. हातात स्वतःची मजुरी आली की स्वतःचा रविवारही मागता येतो. तुमचा हजारी दर आणि ती तुकड्याची मजुरी, दोन्हीत जितकं काम तितकेच पैसे. फरक एवढाच की गिरणी संध्याकाळी बंद व्हायची, आणि तुमचा कारखाना तुमच्याच घरात आहे. तो बंद कधी करायचा हे तुमच्याशिवाय कोण ठरवणार? म्हणून म्हणते, आठवड्यातली एक संध्याकाळ चार घरांनी मिळून ठरवा आणि त्या संध्याकाळी चौघींनी सूप उचलूच नका. एकटीनं केलं तर घरातले बोलतील. चौघींनी केलं तर ती पद्धत होते.

तुमची वसाहत, दहा हजार घरांची, गोदूताई परुळेकरांच्या नावाची, लढून मिळवलेली आहे. सायकल शिकायला आतले रस्ते मोठ्या रस्त्यापेक्षा कितीतरी बरे. मधला दांडा नसलेली लेडीज सायकल घ्या. सीट इतकं खाली करा की बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकतील. पहिल्या दिवशी दोन्ही पेडल काढूनच टाका आणि नुसते पायानं ढकलत जा. तोल आला की पेडल लावा. मागून कुणी कॅरिअर धरायची गरज पडत नाही. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं, ते काढताना चावी उलटी फिरवावी लागते, एवढं ध्यानात ठेवा. पदर कमरेला घट्ट खोचा, नाहीतर ड्रेस घाला. वयाचं मनात आणू नका.

प्रश्न : या मंडळाचं काही शिल्लक आहे का, की सगळं पुस्तकात? (वाचक, विजापूर रोड)

मंडळ आहे, सायकली आहेत, आणि एक चहाचं घर आहे. चहाच्या घराचं आधी सांगते, कारण मी तिथं बसून आले आहे.

मुलगी काही वर्षं मँचेस्टरला नोकरीला होती, तेव्हा एका रविवारी तिनं मला नेल्सन गावाकडं नेलं. नेल्सन म्हणजे लँकेशायरचं विणकरांचं गाव, आपल्या पूर्व भागासारखंच, दारोदार मागावर जाणारी माणसं. इतकं लाल की त्याला ‘छोटं मॉस्को’ म्हणायचे. तिथल्या इंडिपेंडंट लेबर पार्टीच्या लोकांनी गावाबाहेर, पेंडल टेकडीच्या पायथ्याशी, १९१२ मध्ये विणकरांच्या संघटनेकडून कर्ज घेऊन एक बैठं घर बांधलं, क्लॅरियन हाऊस. सायकलवाल्यांनी, पायी फिरणाऱ्यांनी रविवारी यावं, टेकावं, चहा प्यावा. अशी घरं त्या काळी इतरही भागांत निघाली होती. इतर बहुतेक बंद पडली, हे चालू आहे.

चहा पाइंटाच्या मगात, म्हणजे अर्ध्या लिटरहून जास्त. आपल्या कटिंगवाल्यांची छाती दडपेल. खाणं आपलं आपण न्यायचं. आम्ही शेंगा चटणी आणि कडक भाकरी नेली होती. लांब बाकांवर कुणीही कुणाशेजारी बसायचं. भिंतीवर केअर हार्डीचा फोटो आणि ‘समाजवाद हीच आमची आशा’ अशा अर्थाची पाटी. चहा देणारी सगळी माणसं पगाराविना, आळीपाळीनं येणारी. शेजारी बसलेल्या आजोबांनी भाकरीचा तुकडा मोडून खाल्ला, चटणीचं बोट लावलं, डोळ्यांत पाणी आलं आणि पुन्हा बोट लावलं. ते आणि मी दोघंही विणकरांची मुलं. पुढचा अर्धा तास आम्ही धोट्याच्या आवाजाबद्दल बोललो. मागाच्या खडखडाटात त्यांची आई ओठांच्या हालचालीवरून बोलणं ओळखायची, माझे वडीलही ओळखायचे.

मंडळाची गोष्ट लांब आहे, थोडक्यात सांगते. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला सदस्य आठ हजारांच्या आसपास पोचले होते. युद्धानं ते मोडलं. ब्लॅचफर्डचं साप्ताहिक १९३० च्या दशकात मिटलं, पण मंडळ त्याच दशकात पुन्हा वर आलं आणि १९३६ ला आठ हजारांच्या पुढं गेलं. पत्र संपलं तरी मंडळ उरलं, कारण माणसं एव्हाना एकमेकांसाठी येत होती. काही सदस्य स्पेनच्या यादवी युद्धात फ्रँकोविरुद्ध लढायला गेले.

याच मंडळात वाढलेला एक पोरगा, बेनी रॉथमन, मँचेस्टरचा, वय २०. तिथल्या माळावर जमीनदार शिकारीसाठी पक्षी राखायचे आणि कामगारांना चालू द्यायचे नाहीत. २४ एप्रिल १९३२ ला बेनी सायकलवरून हेफील्डला पोचला आणि शेकडो तरुणांसह किंडर स्काउटच्या पठारावर बंदी मोडून चढला. राखणदारांशी झटापट झाली, पाच जणांना तुरुंगवास झाला, बेनीला चार महिने. पुढं १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा आणि मोकळ्या रानात जाण्याचा कायदा झाला, आणि १९५१ ला पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं ते त्याच डोंगराळ भागात. चालण्याच्या हक्कासाठी सत्याग्रह करणारी माणसं मला फार जवळची वाटतात.

आणि अलीकडचं. २०२१ मध्ये राष्ट्रीय मंडळाच्या घटनेतून ‘समाजवाद’ हा शब्द मतदान घेऊन काढला गेला. त्याच्या जागी न्याय्यता, समानता वगैरे आलं. नव्या लोकांना तो शब्द अडसर वाटतो, असं काढणाऱ्यांचं म्हणणं. जुन्यांना ते फार लागलं. मी जुन्यांच्या बाजूची आहे. तो शब्द नसता तर कॅरिअरला गठ्ठे बांधून कुणी खेड्यात गेलंच नसतं, आणि क्लॅरियन हाऊस बांधायला विणकरांनी कर्जही दिलं नसतं.

प्रश्न : आपल्या महाराष्ट्रात कामगारांनी फावल्या वेळाचं असं काही उभं केलं का? (प्राध्यापक, बार्शी)

सर, तुम्ही बार्शीचे, मग अमर शेखांपासूनच सुरू करते. तुमच्या बार्शीचा हा माणूस, गिरणी कामगार, पहाडी आवाजाचा. १९४४ च्या सुमाराला अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकरांबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. गिरणी सुटल्यावर चाळीच्या चौकात हजारो माणसं जमायची, ती करमणुकीसाठीच. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्या डफ-तुणतुण्यानं जे काम केलं ते हजार पत्रकांनी झालं नसतं.

दुसरं, राष्ट्र सेवा दल. ४ जून १९४१ ला एस. एम. जोशी दलप्रमुख झाले आणि संध्याकाळच्या शाखा, खेळ, गाणी, शिबिरं, कलापथक असं सगळं सुरू झालं. जातपात न बघता मुलं-मुली एकत्र खेळायची, आणि त्या काळात हे धाडसच होतं. निळू फुले, दादा कोंडके ही मंडळी सेवा दलाच्या कलापथकातून आली.

जर्मनीत याहून मोठं होतं. १८९६ मध्ये तिथं ‘सॉलिडॅरिटेट’ नावाची कामगार सायकल संघटना निघाली. पहिल्या महायुद्धाआधी तिचे सदस्य लाखाच्या वर होते, आणि पुढं सायकलींचा स्वतःचा कारखानाही झाला. १९३३ मध्ये हिटलरनं ती मोडली. हुकूमशहाला सायकलवर एकत्र फिरणाऱ्या कामगारांची भीती वाटली, यावरून त्या फिरण्याचं वजन कळतं.

प्रश्न : बाई, आम्ही सात-आठ जण आहोत, काही मागावर, काही रिक्षावाले, एक नर्स. असं मंडळ सोलापुरात काढायचं म्हटलं तर सुरुवात कशी करावी? महागड्या सायकली नाहीत. (घोंगडे वस्ती)

महागड्या नाहीत ते चांगलंच. दहा-वीस हजारांची सायकल असेल तरच या, असं एकदा झालं की मागावरचा माणूस परत येत नाही. सगळ्यात हळू चालवणारा पुढं ठेवा, बाकीच्यांनी त्याच्यामागं जायचं. क्लॅरियनमध्येही शर्यती झाल्या, उत्तम झाल्या, पण रविवारची सहल ही शर्यत नव्हे.

वर्गणी महिन्याला सगळ्यांना झेपेल इतकीच. त्यातून आधी सामाईक हत्यारं घ्या : पंप, टायर उचलायच्या पट्ट्या, सोल्युशन, ठिगळं, पॉलिश पेपर, चेनचा पान्हा, तारांची चावी. हिशेबाची वही नर्सताईंकडं द्या, त्यांना नोंदी ठेवायची सवय असते. पैसे उरले की एक जुनी सायकल घेऊन ओव्हरहॉल करा आणि ज्याच्याकडं नाही त्याला रविवारपुरती द्या.

पहिली सहल हिप्परग्याच्या तलावावर काढा. तुळजापूर रस्त्यानं जवळच आहे. १८७१ ला पुरा झालेला हा एकरूखचा तलाव, आपल्या शहरानं पिढ्यानपिढ्या त्याचं पाणी प्यालं, आणि हिवाळ्यात तिथं लांबून पक्षी येतात. दम जमला की हत्तरसंग कुडलला जा. भीमा-सीनेचा संगम, जुनी देवळं, आणि शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख. परतीला ऊन लागतं, त्यामुळं थंडीतच जा. तुळजापूरचा घाट वर्षभरानंतर बघू. मार्च ते जून सूर्य उगवायच्या आत निघा आणि नवाच्या आत घरी या. सोलापूरचं ऊन हट्टाला भीक घालत नाही.

रिक्षावाल्यांचा रविवार धंद्याचा असतो आणि नर्सताईंची ड्यूटी फिरती. म्हणून वार आधी सगळ्यांना विचारून ठरवा, पुढाऱ्यांच्या सोयीनं नको. सभा, भाषण यांचा आग्रह पहिल्या दिवशी धरू नका. तलावाच्या भिंतीवर भाकरी सोडून बसलात की मजुरीचा दर, मागाच्या पाळ्या, दवाखान्याचा खर्च हे विषय आपसूक निघतील. निघाले की मात्र टाळू नका, एखाद्यानं लिहून घ्या आणि पुढच्या वेळी तिथूनच बोलणं सुरू करा. एखादी कॅरिअरला बांधायजोगी पत्रिका हवी असली तर या मासिकाचे जुने अंक कार्यालयात पडून आहेत. येऊन घेऊन जा, पैसे लागणार नाहीत.